सुदर्शनच्या दुकानासमोर

न्हाई मॅडम, घरी नको, हितंच बोला — ह्या बाकावरनं मी उठत न्हाई. समोर खताचं दुकान दिसतंय? आत बसलाय त्यो सुदर्शन. — हां, हात तुमच्याच हॉस्पिटलनं वाचवला, मी कुठं नाय म्हणतोय? हाड दिसत व्हतं. तुमी त्यावर ती बनवलेली कातडी अंथरली, तीन आठवड्यांनी मांडीची पातळ साल लावली — बघा, मूठ वळतीय. आन आता गालाचं म्हणताय. पोटातली चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी गालात भरायच्या, आकसलेलं मऊ पडंल, डोळा नीट मिटंल. समजलं सगळं. पर नको.

का? अवो, मी वायरमन. कळंबच्या शिवारात खांबावर चढलो तवा ह्याला सांगून चढलो — सुदर्शन, डीपीचा हँडल वढून मी लाइन बंद केलीय, हात लावू नको. दहा मिनिटं दम निघंना! टोमॅटोला पाणी द्यायचं व्हतं, मोटर चालू करायची व्हती — ह्यानं हँडल टाकून लाइन सोडली, मी वर तारंला. आन पोलिसांना सांगितलं, लाइन आपसूक आली. आपसूक! गेणभाऊ शेजारी हुबा व्हता, त्यानंबी तेच सांगितलं.

दीड वरीस झालं, दुकान उघडलं की मी हितं. शिवी न्हाई, काय न्हाई, निस्ता बघतो. आधी त्यानं खुर्ची फिरवली, मग काचंला पेपर चिकटवले — गिऱ्हाईक म्हणतंय, दुकान बंद हाय का? लई हसलो राव. शेवटी सोताच फाडले. परवा आला, पाय धरले — "गोरखभाऊ, हँडल मीच टाकला. चल ठाण्यात, लिहून देतो. पर तोंडावर उपचार घे, हितं बसू नको." मी म्हनलं, ऊठ, गिऱ्हाईक आलंय तुझं.

काय? कबूल झाला, मग आता काय पायजे? — बराबर इचारताय. काय पायजे... त्यानं बघत ऱ्हावं. गाल मऊ झाला की त्यो सुखानं जेवंल, मॅडम.

उज्ज्वलानं धाडलं तुमाला? माझ्या बायकोनं? अस्सं. मग पोरीचंबी सांगितलं असंल. तेजस्विनी सहा वर्सांची हाय, ल्हान हाय अजून. जेवताना ह्या अंगाला बसत न्हाई. हाक मारली की आधी आईकडं बघती, मग तोंडावर वढणी घेती आन — 

तिचं काय न्हाई ह्यात. काय न्हाई म्हनलं ना! ठिवा ते आपरेशनचे कागद पिशवीत, पुण्याची एसटी येईल आता. जा. — आन आधी बाजूला सरका, तुमच्या आड त्याला मी दिसंना झालोय.