बाबांच्या दुकानाचं शटर

स्टेशनरीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे साठी ओलांडलेले बहीण-भाऊ उभे होते.

“ताई, पुन्हा गोंद? आधीच्या ट्यूब वाळून दगड झाल्यात.”

“या वेळी मॉडेल पुरं करणार म्हणजे करणार.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालीस. बाबांचं सायकलचं वीतभर दुकान, तेही पुठ्ठ्याचं, आणि अजून रखडलंय!”

“वीतभर म्हणून काय झालं? नखाएवढा पंप केलाय त्यात. पंक्चर शोधायचं घमेलंसुद्धा केलंय.”

“मग घोडं अडलंय कुठे?”

“शटरपाशी. उघडं ठेवलं तर आत बाबा हवेत. त्यांचा चेहराच जमत नाही रे मला. दरवेळी भलताच कुणीतरी होतो.”

“मग बंद ठेव.”

“बंद नाही ठेवायचं. शेवटी शेवटी बंदच बघितलंय आपण.”

“अर्धं ठेव की.”

“अर्धं?”

“आईनं जेवायला हाक मारली, की बाबा शटर अर्धंच ओढून यायचे ना?”

“हो रे! पूर्ण ओढलं तर गिऱ्हाईक परत जाईल म्हणायचे.”

“मग झालं तर. जेवायला गेलेत बाबा.”

“गाढवा, इतके दिवस का नाही बोललास? ...अहो, ती ट्यूब द्या ना जरा लवकर!”