दारावरचा आणि खोलीतला

पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला निघालेल्या बसमध्ये गोकुळाबाई पेंगत होत्या. सागाच्या सावल्या पदरावर यायच्या, विरघळायच्या. पुढच्या बाकावर गावातलीच दिव्यानी मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारच्या धनराजशी बोलत होती.

"धनराजभाऊ, सोसायटीच्या यादीची साइट घरी चालते. सर्वरवर टाकलं का पाचशे दोनची एरर दाखवते."

"म्हंजे दारावर वेबसर्वर उभा आहे, पण आतला तुहा पायथन प्रोग्राम त्याले भेटून नाई राह्यला. दोघं ज्यातून बोलतात ते सॉकेट कुठी ठेवलं?"

"माह्याच फोल्डरात. जतन राहाते म्हणून."

"मंग! खोलीले तूच कडी लावली, आन् त्याले म्हणते आत ये."

"हासू नोको भाऊ. संध्याकाळी मच्छीमार सोसायटीची बैठक आहे. उद्या तलावात जाळं कोणाचं, हे यादीत दिसलं नाई त जो जोरानं ओरडन त्याचं. बाबाचा आवाज त ऑपरेशनातच गेला."

"रडू नोको. सॉकेट बाहेरच्या फोल्डरात ठेव. वेबसर्वरले तिथी जायची परवानगी दे."

"कोणीबी शिरलं त?"

"सगळ्यायले नाई, वेडे. त्या एकालेच."

"थांब, रेंज गेली."

बराच वेळ नुसतं जंगलच चालत राहिलं.

"आली! सॉकेट हलवलं, परवानगी दिली, पाचशे दोन गेलं भाऊ! बाबाले फोन लावते. बाबा, यादी उघडली काय? आपलं नाव दिसत असन त एक टाळी वाजवा."

फोनमधून टाळी आली. मग दुसरी. मग तिसरी.

"बाबा, एकच म्हटलं होतं न!"

टाळ्या थांबेचनात.