गुहेत झोपलेली पोरं

शपथेवर सांगतो, शब्दन्‌शब्द खरं आहे. म्हणजे बरंचसं.

यावलचे दोघे तडवी भाऊ माझे मित्र. त्यांचे आबा जळगावच्या दवाखान्यात बेशुद्ध. दर शुक्रवारी थोरला रमजान उशाशी बसून कुराणातली गुहेची गोष्ट वाचायचा. शेकडो वर्षं झोपलेल्या पोरांना अल्लाहनं उठवलं, ती. धाकटा सलीम कॉलेजात मास्तर. तो चिडवायचा, "भाऊ, ते रूपक आहे. खरंच कोण इतकं झोपतं?"

मग डॉक्टर म्हणाले, "आता आशा नाही."

सलीमनं रमजानचा हात धरला. "भाऊ, ती पोरं खरंच उठली होती ना?"

रमजाननं कुराण मिटलं. "तुझंच बरोबर रे. रूपकच असेल."

तेवढ्यात आबांनी डोळे उघडून चहा मागितला.

आबा उठले, एवढंच मी घुसडलं.