आणखी चार मुन्सफ हवेत

—नको, त्या खुर्चीवर नको बसूस लीना, तिचा मागचा पाय आपल्या दाव्यापेक्षा जुना आहे — इकडे खिडकीशी बस, वारा तरी लागेल. वीज आत्ताच गेली, आता साडेसहापर्यंत पंख्याचं नाव नको. वाचलास ना अर्ज? असू दे, टेबलावर ठेव, घाई नाही — म्हणजे घाई आहे, पंधरा मेला घर खाली करायचा हुकूम आहे आणि आज अठ्ठावीस एप्रिल — पण पाणी तर पी आधी. बराकपूरहून सियालदह, तिथून ट्राम, या उन्हात… मी यायला हवं होतं तुझ्याकडे. हरलेल्यानं जिंकलेल्याकडे जायचं असतं. पण तुझी काकू, श्यामला म्हणाली, इथंच बोलवा, नाहीतरी घर तिचंच आहे. तर मागणं एवढंच — नोव्हेंबरात मी रिटायर होतो, मग आम्ही पुण्याला, भावाकडे. तोवरची मुदत. तू खाली सही केलीस की मुन्सफसाहेब नाही म्हणायचे नाहीत. तुझ्या लग्नात मी जिलब्या वाढल्यात हे ध्यानात ठेवून सही कर असं मी म्हणत नाही. पण वाढल्यात.

हसलीस? नाही हसलीस. बरं.

तुला वाटत असेल, काका केवढा बिलंदर — भाडेकरू असून तेरा वर्षं घर अडवून बसला आणि आता सहा महिने आणखी मागतोय. बिलंदर असतो तर बरं होतं गं! बिलंदर माणूस स्वतःच्या हातानं स्वतःची वळकटी बांधत नाही. तुला ठाऊक आहे का, हा जो नवा मुन्सफ आला ना, कोवळा, अजून चष्म्याची सवय नसलेला, ज्यानं तेरा वर्षांचा दावा चार तारखांत निकाली काढला — त्याला मी आणला. मी! हा समोर बसलेला मनोहर, सांख्यिकी खात्यातला सुपरिंटेंडेंट. खालच्या कोर्टांत न्यायाधीश किती कमी पडतात, किती वाढवायला हवेत, हे बघायला सरकारनं एक समिती नेमली होती, आणि समितीत मोठमोठी माणसं होती, आणि मोठ्या माणसांना बेरीज येत नसते. मग आमच्या खात्याकडे माणूस मागितला. मी स्वतः हात वर केला. दोन वर्षं, लीना, दोन वर्षं मी आकडे मांडत होतो — एवढे दावे दाखल, एवढे निकाली, एवढे मागं राहिले, एका मुन्सफामागं एवढे. शेवटी लाल शाईनं खाली लिहिलं, आपल्या या कोर्टात आणखी चार मुन्सफ हवेत. आणि चार मिळाले! सरकारनं माझं ऐकलं! चौतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ऐकलं, आणि ते हे.

आणि नुसतं तेवढंच लिहून गप्प बसलो असतो तर वाचलो असतो. पण अंगात आलं होतं ना. परिच्छेद चौदा — 'नव्या मुन्सफांनी प्रथम जुन्यात जुने दावे हाती घ्यावेत.' माझं वाक्य आहे ते. समितीच्या अध्यक्षांनी वाचून मान डोलावली, वा म्हणाले. सोबत यादीही जोडली मीच, जुन्या दाव्यांची, सालावार. टाइप करताना तिसऱ्या ओळीवर एकसष्ट सालचा दावा आला, वादी प्रेमलताबाई आणि मुलगी लीना, प्रतिवादी मनोहर — टाइपरायटरवर स्वतःचं नाव बडवलं मी, आणि तेव्हा मनात काय आलं असेल सांग? स्पेलिंग बरोबर आहे ना, बघू! बस. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढलो तर चढलो, वर पायऱ्या वाढवून आलो.

माझा वकील तर पोट धरून हसला. म्हणाला, मोशाय, असा पक्षकार मी जन्मात पाहिला नाही.

पण तू मला विचारशील, की बाबा रे, तू दाव्यातला प्रतिवादी, दावा लांबेल तेवढं तुझं भलं, तुला ही न्यायाधीश वाढवायची अवदसा आठवली कुठून? सांगतो. तुझ्या आईमुळं. हो, प्रेमलताबाईंमुळं. तू तिकडे बराकपूरला, तुला आमची इथली गंमत कुठली माहीत असणार. अख्ख्या गल्लीत मराठी घरं दोन, एक खालचं एक वरचं, आणि ती दोनच एकमेकांवर दावा लावून बसलेली! भांडणार तरी कसं? भांडलं तर बोलायचं कुणाशी? चैत्रात श्यामला खाली हळदीकुंकवाला जायची, होळीला तुझ्या आईची पुरणपोळी वर यायची, आणि तारीख असली की आम्ही दोघं एकाच ट्रामनं कोर्टात जायचो. खोटं नाही सांगत. दहाला त्या खालून हाक मारायच्या — 'मनोहरराव, निघायचं ना? उशीर होईल!' वादी प्रतिवादीला हाक मारतोय, चल, तुझ्यावर खटला चालवायचाय. त्यांची छत्री मी धरायचो. त्या मला त्यांचं तिकीट काढू द्यायच्या नाहीत — 'व्यवहारात भीड नको, मनोहरराव, ज्याचं त्यानं.' बाकावर शेजारी शेजारी बसायचो. पुकारा झाला की आत जायचं, वकील लोक इंग्रजीत दोन वाक्यं बोलायचे, साहेब काहीतरी लिहायचे, आणि बाहेर. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. बाहेर आलं की त्या मला विचारायच्या — काय म्हणाले हो साहेब?

आणि मी सांगायचो, पुढची तारीख. का म्हणून विचारलं की सांगायचो — न्यायाधीश कमी आहेत हो, प्रेमलताबाई. फार कमी. एका एका साहेबापुढं हजार हजार दावे, काय करील बिचारा.

तसं ते खोटं नव्हतं! माझ्याकडे तक्ता आहे, दाखवू? नको, बरं. पण खरंच कमी होते. तर एकदा परतताना ट्राममध्ये त्या म्हणाल्या, 'मग वाढवा की त्यांना. तुम्ही सरकारात आहात ना?' अशा म्हणाल्या जशा काही मी बाजारातून चार आणणार आहे. आणि मला ते लागलं. का लागलं ते विचारू नकोस. त्यानंतर समितीचं निघालं, मी हात वर केला, आणि तुझ्या आईनं सगळ्या मंडळींना सांगत सुटावं — महाराष्ट्र निवासात गणपतीला, शंभर माणसांत — 'आमचे वरचे मनोहरराव माझ्यासाठी न्यायाधीश वाढवतायत.' मी तिथंच मोदक खात उभा होतो. दुसरा घेतला नाही.

काय? …किती तारखा झाल्या एकूण? नवा मुन्सफ येण्याआधी एक्कावन्न. मी मोजल्यात, मोजणं हा माझा धंदा आहे. साहेब रजेवर, साहेबांची बदली, साहेबांना वेळ नाही — एकोणीस. बंद, संप, रस्त्यात पाणी — पाच. तुमचे वकीलबाबू दुसऱ्या कोर्टात अडकले म्हणून — चार.

हो, अठ्ठावीसच होतात. तू गणितात हुशारच होतीस लहानपणापासून.

उरलेल्या माझ्या. तेवीस. माझ्या वकिलानं मागितलेल्या, माझ्या सांगण्यावरून. कधी माझी तब्येत बरी नाही — आणि मी बाकावर धडधाकट, तुझ्या आईनं आणलेले शेंगदाणे खात. कधी कागद सापडत नाहीत. समितीच्या तक्त्यात हा रकाना नव्हताच, बघ. उशीर किती, हा रकाना होता. उशीर कुणी केला, हा मी आखलाच नाही. अध्यक्षांनाही सुचलं नाही. मला सुचलं होतं.

आणि राहायला जागा नव्हती असंही — श्यामला, आतून खाकरू नकोस, सांगू दे — सरकारी क्वार्टर मिळत होतं. दोनदा. दुसऱ्यांदा सॉल्ट लेकला, नवंकोरं. मी जाऊन पाहिलं, नुसती वाळू आणि संध्याकाळी कोल्हे. म्हटलं, इथं कोण राहील, आपली गॅलरी बरी, खालून पुरणपोळी येते. एवढ्यासाठी. दावा लावला तेव्हा तुझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, जावई कलकत्त्यात नोकरीला, त्यांना हव्या होत्या या तीन खोल्या, लेक डोक्यावर नांदावी एवढंच त्यांचं म्हणणं — मला ठाऊक होतं गं. दाव्यातच लिहिलं होतं ते, मी वाचलं होतं. मी म्हटलं, वर्षभर काढू, मग बघू. मग पुढचं वर्ष. चार मुन्सफ जानेवारीत आले, आणि त्या त्याआधीच, मार्गशीर्षात गेल्या. मीच नेलं होतं त्यांना इस्पितळात, टॅक्सीतून. तिथंही विचारलं — साहेब वाढले का हो? म्हटलं, वाढतायत, जानेवारीत येतायत. बरं झालं म्हणाल्या.

रडत नाहीये मी, घाम आहे. पंखा नाही ना.

काय म्हणालीस? …कोण, तुमचे वकीलबाबू? त्यांचा ज्युनियर? प्रत्येक वेळी? …म्हणजे कोर्टातच, मराठीत नाही तर बंगालीत, तिथल्या तिथे सांगायचा तो — आजची तारीख प्रतिवादीनं घेतली म्हणून?

मग… मग बाहेर येऊन मला का विचारायच्या? काय म्हणाले साहेब, म्हणून — सगळं ठाऊक असताना मला का…

तेवीस वेळा?

नको. नको सांगूस लीना, कळलं — एकदा तरी मी खरं बोलेन म्हणून. तो अर्ज दे इकडे. दे म्हणतो ना, सही नको करूस, पेन ठेव. नोव्हेंबर नाही, पंधरा मेही नाही — पुढच्या रविवारी ये, माणसं घेऊन ये, खोल्या धुऊन ठेवतो. आता तू जा. पाणी राहू दे, जा तू. जिन्यात अंधार आहे, कठड्याला धरून उतर.