उत्कर्षाताईंच्या हळद्याविषयी चार शब्द

आजच्या सोहळ्याचे अध्यक्षपद ज्यांनी मोठ्या मनाने स्वीकारले ते आपल्या सोसायटीचे शिल्पकार माउलीशेठ, व्यासपीठावर बसलेले कार्यकारिणीतील माझे सहकारी, समोरच्या माता-भगिनी, बंधू आणि बालगोपाळ, आणि आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो त्या उत्कर्षाताई, आपणा सर्वांना या बंडोपंतांचा सविनय नमस्कार. अगदी मागे येसाजी आणि त्यांची कारभारीण बानूबाई उभे आहेत, त्यांनाही नमस्कार. बसा हो येसाजी. खुर्च्या मळल्या तरी पुसता येतात.

खरं तर आज हरितगंध सोसायटीचा वर्धापनदिन. निरोप हा त्यातला छोटा भाग. पण भाडेकरू जरी जागा सोडून चालला तरी त्याला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय नेरे गावाची वेस ओलांडू द्यायची नाही, असा दंडक मीच घालून दिला आहे. उत्कर्षाताई अमरावतीहून नोकरीसाठी आल्या, हिंजवडीला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. स्वभाव गोड, देखभालीचा हप्ता वेळेवर. मग अशा गुणी मुलीला जागामालकांनी घर सोडायला का सांगावं? कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. मीच घातलं. सोसायटीचा अध्यक्ष म्हणून ते माझं कर्तव्यच होतं.

आता मूळ विषयाकडे येतो. माइक जरा वर करा. हां.

उरवड्याच्या कारखान्याबाहेर एक पिवळं कुत्रं पडलेलं सापडलं. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी ते उचललं आणि घर मिळेपर्यंत सांभाळायला उत्कर्षाताईंकडे दिलं. याला हल्ली फॉस्टर म्हणतात. कुत्रं तसं देखणं. ताईंनी नाव ठेवलं हळद्या. पण त्याला फिट यायच्या. एकदा लिफ्टमध्ये आली. पाय झाडतंय, तोंडाला फेस, लघवी सगळीकडे. आमच्या हेमलतावहिनी दूध घेऊन आत होत्या. त्यांची अवस्था काय झाली असेल? आणि या ताई तिथेच फरशीवर मांडी घालून बसल्या, त्याच्या डोक्याखाली स्वतःची ओढणी सरकवली आणि आम्हालाच सांगतात, काका, आवाज करू नका, त्याला हात लावू नका, आपोआप शांत होईल. म्हणजे आमच्याच लिफ्टमध्ये आम्हीच गप्प बसायचं.

त्याला सकाळ-संध्याकाळ गोळी लागायची. गोळी एकदम बंद झाली तर फिटवर फिट येऊन जीव जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे मला कसं ठाऊक? ताईंनीच सांगितलं. माझ्या घरी बसून, माझ्या सौभाग्यवतींच्या हातचा चहा पिऊन सांगितलं. भावाच्या लग्नाला त्यांना गावी जायचं होतं, आणि सौभाग्यवतींनी, म्हणजे शारदानं, भिडेपोटी कुत्रं सांभाळायचं कबूल केलं होतं. ताई परतल्या की पौडच्या शाळेतल्या ज्ञानदाबाई त्याला कायमचं घेऊन जाणार होत्या. त्या येऊन कुत्रं बघून गेल्या होत्या, गोळी कशी द्यायची तेही शिकल्या होत्या. म्हणजे घर ठरलेलं होतं, फक्त ताईंनी परत यायचं बाकी होतं.

पण माझ्या घरात कुत्रं? देवघरासमोर? शारदा त्याला भाकरीत गोळी घालून भरवायची आणि त्याच्याशी लाडेलाडे बोलायची. माझ्याशी इतकं गोड ती लग्नानंतरही कधी बोलली नाही. हसा, हसा. वर्धापनदिन आहे.

त्याच सुमारास येसाजी भेटले. आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांची मेंढरं चरतात, माझ्या परवानगीने. त्यांचं राखणीचं कुत्रं गाडीखाली गेलं होतं. म्हटलं, घ्या, हे तरणंबांड आहे. आता गंमत ऐका. यांच्या घराची एक रीत आहे. कुत्रं फुकट घेत नाहीत. जिवाच्या बदल्यात जीव द्यायचा, दोघांच्याही कपाळाला भंडारा लावायचा, म्हणजे ते कुत्रं घरचं झालं. ही देवघेव मोडायची असेल तर दिलेला तोच जीव परत यावा लागतो, दुसरा चालत नाही. येसाजींनी चांगला तुरेबाज कोंबडा आणला. आमच्याकडे चालत नाही, म्हणून मी तो कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींना दिला. त्यांनी गच्चीवर रस्सा केला. रस्सा उत्तम झाला होता असं कळलं.

फिटचं येसाजींना सांगितलं का? कशाला सांगू? सांगितलं असतं तर त्यांनी घेतलं असतं का? शारदा गोळ्यांची पिशवी घेऊन मागे धावली, तिला मी दारातूनच परत फिरवलं. ती तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. असो, घरोघरी काही ना काही चालायचंच.

ताई लग्नाहून आल्या त्या सामानासकट थेट येसाजींच्या वाड्यावर. वाडा म्हणजे मेंढरांचा, गैरसमज नको. म्हणाल्या, कुत्रं आजारी आहे, परत द्या, नाहीतर निदान या गोळ्या तरी त्याला द्या. येसाजींनी कोंबडा मागितला. कोंबडा कुठून आणणार? दुसरा देते म्हणाल्या, चार देते म्हणाल्या. येसाजी रीत सोडायला तयार नाहीत. पण माणूस सरळ, त्यांनी खातरजमा करायला मला फोन लावला.

तो फोन हाच आजचा मुख्य विषय. मी ताईंना निरोप समारंभाचं आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, मला शाल नको, नारळ नको. त्या दिवशी फोनवर तुम्ही काय बोललात, तेवढं येसाजीमामा आणि बानूमावशींसमोर सांगा. मी येते." एवढी साधी मागणी! यात लपवण्यासारखं काय आहे? मी दिलेला शब्द पाळणारा माणूस आहे, म्हणून सांगतो.

येसाजींनी विचारलं, "सायेब, ही पोरगी म्हणती कुत्र्याला फिट येत्यात. खरं हाय का?"

मी म्हणालो, "कुत्रं ठणठणीत आहे. पोरीचा जीव अडकलाय म्हणून काहीबाही सांगते. आणि ती काही खायला घालायला लागली तर घालू देऊ नका."

झालं. बानूबाईंना वाटलं, पोरगी कुत्र्याला विष घालायला आली. त्यांनी गोळ्या हिसकून ओढ्यात टाकल्या आणि ताईंना वाड्याबाहेर काढलं. ताई रस्त्यावरून हाका मारत होत्या आणि आतून ते कुत्रं साखळी तोडायला बघत होतं, असं आमचे वॉचमन सांगतात. पुढे जे डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच झालं. व्यालेल्या मेंढ्यांत कुत्र्याला फिट आली, एक संपते तोवर दुसरी. फेस बघून येसाजींना वाटलं पिसाळलं. घरात लहान नातवंडं. त्यांनी काठी घेतली. ताई पुन्हा वाड्यावर पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. सगळ्या घराने पौडला जाऊन सुया टोचून घेतल्या, ते वेगळंच.

आता सांगा, यात माझं काय चुकलं? मी सोसायटीचा त्रास मिटवला, कुत्र्याला घर दिलं, गरिबाला राखण दिली. तरी ताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर मला नाही नाही ते लिहिलं. मी मनात ठेवलं नाही. जागामालकांना तेवढं कळवलं.

असो. वेळ झाली आहे. माउलीशेठ घड्याळाकडे बघताहेत. मी... काय बानूबाई? मध्येच काय? मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू द्या.

"मंग ती पोरगी खरं सांगत व्हती?"

हो. खरंच सांगत होती. कुत्रं पिसाळलेलं नव्हतं. गोळी पोटात गेली असती तर आत्ता तुमच्या दारात बसलेलं असतं. आता तोंडाला पदर लावून काय उपयोग? आणि येसाजी, माझ्याकडे काय बघताय? मी तुम्हाला जिवंत कुत्रं दिलं होतं. काठी तुमची होती.

उत्कर्षाताई, तुम्ही खाली कुठे निघालात? शाल इकडे आहे. बरं, बसा बानूबाईंजवळ, शारदा तिथे आणून देईल. शारदा, तू तशीच कुठे निघालीस त्यांच्यामागे? शाल राहिली की. असू दे, नंतर देऊ.

भोजनाची सोय पार्किंगमध्ये केली आहे, जिलबी गरम आहे. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. मी काही सराईत वक्ता नाही. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, काही कमीजास्त झालं असेल, तर आपलाच माणूस म्हणून मला क्षमा करा.