किल्लीचा दांडा

सांधेदुखीच्या डॉक्टरांकडे ती पहिल्यांदाच आली होती. धंदा केस कापायचा, आणि बोटं तर सुजून टम्म झालेली. शेजारी मायलेकींची जुंपली होती. हिचे कान तिकडेच लागले.

"एकटी राहणार म्हणे! बरणीचं झाकण उघडत नाही तुला."

"म्हणून मी झाकण घट्ट लावतच नाही, आई. नुसतं वर ठेवते."

"मुंग्या लागतील."

"लागू देत. मुंग्या माझी कीव तरी करत नाहीत."

"जीभ तेवढी सुजत नाही तुझी! आणि कुलूप कसं उघडशील?"

"किल्लीला लांब लाकडी दांडा बसवून घेतलाय. तळहाताने फिरते."

केस कापणारीला राहवलं नाही. "कात्रीला बसेल का हो असं काही?"

"बसेल की! सुताराला कात्रीच नेऊन दाखवा."

"तुम्ही मधे पडू नका हो बाई! आणि ताप चढला, उठवेना, मग गं?"

"तिथल्या शेजारणीकडे दुसरी किल्ली दिलीय. तिचं बाळ मी सांभाळणार, मला ती."

"आईपेक्षा शेजारीण जवळची झाली."

"आई, पूर्वी तू मला आंघोळ घालायचीस. आता औषध लागू पडलंय, माझी मी करते. तरी टॉवेल घेऊन दाराशी उभी असतेस."

"मग मी कुठे उभी राहू?"

"उभी कशाला? रविवारी पाहुणी म्हणून ये, बस."

"खुर्च्या तरी आहेत का तिथे?"

"एक आहे."

"मग दुसरी मी आणते. हातांची. टेकून उठायला बरी."

"आई, मला नको तसली."

"तुला कोण देतंय? माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?"