ड्युटीवर झोपलेलं काळीज

...झोपलंय म्हणे! माझं काळीज! भर कामावर! अहो, बसा तुमी, उभं ऱ्हाऊन काय ऐकता, गाडीला टाइम हाय. ह्या बाकड्यावर पाय पसरून पडलेलं धूड तेवढं सरकवा जरा. नागनाथ म्हणतेत ह्याला, ह्याचं पुढं सांगतो. तर मी तात्याराव, तिकडं चुडाव्याच्या अंगाला रेल्वेचं फाटक हाय, तिथं गेटमन होतो. सारी हयात गेली तिथं. थंडी म्हणली न्हाई, ताप म्हणला न्हाई, आन् तुमाला सांगतो, ड्युटीवर मी कधी डोळा लावला न्हाई!

आता कोण म्हणतो झोपलंय? त्यो सर्जन. मिशा आत्ता फुटायल्या त्याला! झालं काय, मला चार पावलं चाललं की दम लागायला लागला. परभणीत अँजिओग्राफी केली, तर तीन नळ्या तुंबलेल्या. बरं, तुंबल्या तर तुंबल्या, पायातली शीर काढा, बाजूनं नवी लाईन टाका, आमी रेल्वेची माणसं, आमाला काय त्याचं नवल? त्यांनी धाडलं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, आन् तिथं ह्यो सर्जन म्हणतो कसा, "काका, थोडं थांबा. तुमच्या हृदयाची पुढची भिंत हलतच नाहीये. ती मेली असेल तर तिथं रक्त नेऊन उपयोग नाही, मग बायपास करण्यात अर्थ नाही. पण नुसती झोपली असेल तर रक्त मिळाल्यावर जागी होईल. एमआरआय करून बघू."

बगा! एक तर मेलं, न्हाई तर झोपलं! दमलं असंल, रुसलं असंल, असं काही न्हाईच का त्यांच्यात? आन् आमची सुलाबाई, ती काय पिशव्या धरून बसलीय ती, हात जोडून म्हणती, "सायेब, झोपलेलंच निघू द्या वं!" मी खेकसलो, येडी का काय तू, नवऱ्याची इज्जत घालवायलीस? तर म्हणती, "इज्जतीला काय करू? मला माणूस पायजे."  

मग सारलं मला त्या नळकांड्यात. धाडधाड, खाडखाड, डोक्यावरून मालगाडी चाललीय का काय! आन् कानात एक बाई बोलायली, "श्वास घ्या... सोडा... रोखा..." अहो, रोखा म्हणली आन् पुढचं विसरली! इकडं माझे डोळे बाहेर यायलेत. आन् वर काय म्हणती? "काका, झोपू नका हं." मला! मला झोपू नका म्हणती! मी आतूनच वरडलो, "बाई, ड्युटीवर मी कधी डोळा लावला न्हाई!" तर म्हणती, "काका, बोलू नका, फोटो हलतोय."

मग फोटो दावला. शिरंतून औषध सोडलं होतं, त्यानं मेलेलं-जितं येगळं दिसतंय म्हणे. सुलाबाईला कडंला पांढरं दिसलं, लागली हरखायला, "अगं बया, किती लख्ख हाय!" डॉक्टर म्हणला, "काकू, पांढरं ते मेलेलं. काळं ते जिवंत." खर्रकन तोंड उतरलं तिचं. म्हणती, "मग काळं... हाय का थोडं?" डॉक्टर हसला. "सगळं काळंच आहे, काकू. पांढरी एवढी बारीक रेघ. भिंत झोपली आहे. करू या बायपास."

तिथंच रडली ती. खोटं कशाला बोलू, माझेबी डोळे भरले. पण डोसक्यातून जाईना, म्हणून इचारलं, सायेब, झोपली कामून पण? तर म्हणतो, "रक्त कमी पडायला लागलं, म्हणून तिनं काम थांबवलं नि जीव वाचवला. तशीच राबत राहिली असती तर मेली असती, काका."

आन् दारात कोण उभं? ह्यो नागनाथ! माझ्या जोडीचा गेटमन. ह्याची पाळी आली की गाडी जाऊन कधीची पार व्हायची, फाटक आपलं बंदच, ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवून वाजवून बेजार, आन् ह्यो आत घोरायलाय! ह्याचीबी तपासणी झालीय, तर ह्याच्या नळ्या साफ! एक तुंबली न्हाई! म्हणतो, "बग तात्या, मी नोकरीभर तुला काय सांगायलतो?"

उद्या ऑपरेशन हाय, म्हणून ह्या गाडीनं तिकडंच चाललोय. काय न्याव हाय बगा, ड्युटीवर ज्यानं कधी डोळा लावला न्हाई त्याला झोपवणार, आन् जे झोपलं त्याला नवी लाईन टाकून देणार! भ्या? मला? ...वाटायलंय थोडं. सुलाबाई एकटी कशी बसंल दाराबाहेर, म्हणून ह्याला संगं घेतलंय. म्हणला, "तात्या, तू बिनघोर झोप. मी जागा हाय."

बगा की, किती जागा हाय!

आली, गाडी आली! अरे नागनाथा, ऊठ! अगं, हालव त्याला... ऊठ की रे! हं, उठला एकदाचा. बगितलं न? आज मी हाय म्हणून. उद्या मी झोपल्यावर ह्याला उठवणार कोण?